एकतीस नग, वापरलेले

वाशी, न्यू बॉम्बे
१६ फेब्रुवारी १९८६

चि. मीना,

आजीचा जयभीम आणि तोंडावरून हात.

तुझी पेटी काल बोटीवर चढली गं! पेटी कसली, लाकडाची खोलीच ती, आपल्या मोरीएवढी. चार माणसांनी उचलली तर जिन्याचा कठडा हलला. खालच्या मालतीबाई दार उघडून बघत होत्या. मला म्हणतात, "आजी, नातीला पाठवताय की सबंध वाशी पाठवताय?" मी म्हटलं, वाशीत काय आहे पाठवण्यासारखं, पाणी तर एक तास येतं.

मी दुसरी शिकलेली बाई, माझं अक्षर बघून हसू नकोस. तुझा बाबा लिहून देतो म्हणाला होता. पण तो लिहितो फॅक्टरीतल्या कागदासारखं, "वरील विषयास अनुसरून". मला आपलं बोलल्यासारखं लिहायचं आहे.

तर पेटी भरायला तो हिरामण आला होता. हिरामण म्हणजे बोटीनं सामान पाठवणाऱ्या एजंटकडचा माणूस, तू जाताना कागद ज्याच्याकडे दिलेस तो, कानाला पेन्सिल लावतो बग. चहा यायच्या आत त्यानं मला सगळे नियम वाचून दाखवले. पेंढा घालायचा नाय. माती लागलेलं कायच नाय. बियाणं नाय, मसाला नाय. मग भांड्यांच्या मधे घालू काय, म्हटलं. तर म्हणतो जुने कपडे घाला. मग घातली माझी दोन लुगडी आणि बाबाच्या चार पँटी. तो कॅनडाचा साहेब माझं लुगडं हातात धरून झटकेल, ते डोळ्यांपुढे आणून मी कालपासून एकटीच हसते.

मग हिरामण म्हणाला, "आजी, मुख्य नियम पुढेच आहे. वापरलेलं घरसामान असेल तर कर नाय. नवं कोरं असलं की कर. मीनाताईंनी तिकडे उतरताना यादी दिलीय, त्यात लिहिलंय, स्टीलची भांडी, एकतीस नग, वापरलेली." आणि त्यानं तुझ्या लग्नातलं पातेलं खोक्यातून काढून उन्हात धरलं, तर त्याच्याच डोळ्यांवर तिरीप आली. दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली! "हे वापरलेलं? ह्यात पाणी तरी तापवलंय का कुणी?"

त्याचंही खरं. तुझं लग्न झालं आणि महिन्याभरात जयप्रकाश तिकडे गेला, तू आमच्याकडे राहिलीस, भांडी खोक्यातच. संसार मांडला कुठे तुमी?

बाबा म्हणाला, राहू दे भांडी, ती तिकडे घेईल. मी म्हटलं दिनानाथ, तू कामावर जा. तो गेला, हिरामण वखारीत खिळे आणायला गेला, आणि तेवढ्या वेळात मी एक युक्ती केली. सांगणार नाय! उघडशील तेव्हा कळेल. एकतीसच्या एकतीस नग, आणि साहेबाच्या बापालाही नवं म्हणता यायचं नाय.

तुझी ताई जयमाला रविवारी येऊन गेली. पनवेलच्या दवाखान्यात तिची ड्युटी असते, नर्सांच्या हॉस्टेलातच राहते, तुला माहीत आहेच. पेटी भरताना तिला बोलावलं नव्हतं. उगाच रजा कशाला.

मालतीबाईंच्या नातवाला राणीच्या चित्राचं पोस्टाचं तिकीट पाहिजे, दोन जास्तीची लाव.

तुझी आजी
चांगुणाबाई


हॅमिल्टन, कॅनडा
४ मे १९८६

ती. आजीस,

सादर जयभीम. तुझं पत्र वाचून हे आणि मी दोघंही हसलो. तिकिटं जास्तीची लावली आहेत. इथे बर्फ आत्ता कुठे गेलाय, पण थंडी आहे.

पेटी शुक्रवारी हातात आली. आम्ही कस्टमच्या गोदामात गेलो होतो. तिथल्या अधिकाऱ्यानं माझी यादी समोर ठेवली, एकेक ओळ वाचायची, वस्तू बघायची, खूण करायची. गाद्या, चादरी, शिलाई मशीन, सगळं नीट झालं. तुझं लुगडंही त्यानं झटकलं, अगदी तू म्हणालीस तसं.

मग भांडी निघाली.

आजी, पहिलं पातेलं हातात घेतलं आणि मला वाटलं की मी चुकून दुसऱ्याच्या पेटीत हात घातला. बुडाला काळं, काठाला पोचे. उलटं केलं तर नाव. "जयमाला हिस, आईकडून." खाली तारीख. दुसऱ्यावर तेच नाव, तारीख वेगळी. तिसऱ्यावर तेच.

अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय कोरलंय? तिथे ओझी उचलणारे एक सरदारजी होते, त्यांना हिंदी वाचता येत होतं. त्यांनी मदत म्हणून मोठ्यानं वाचलं, "जयमाला." झालं. तो म्हणाला, तुमच्या पासपोर्टवर तर मीना आहे. तुम्ही सही करून दिलीय की हे सामान तुमचं स्वतःचं, तुम्ही वापरलेलं. दुसऱ्याचं असेल तर यादी खोटी ठरते, सगळंच सामान अडकेल.

हे माझ्याकडे बघत होते. मागे रांग होती. आणि मी म्हटलं, जयमाला मीच. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, जयमाला माझं माहेरचं नाव.

त्यानं "असं का" म्हणून मान हलवली. फॉर्मवर माझ्या नावापुढे ते नावही लिहिलं आणि मला सही करायला लावली. केली. कर काही लागला नाही.

घरी आल्यावर ती सगळी भांडी जमिनीवर मांडून बसले. ती मोठी परात, तिच्यावर १० जून १९७१. ताई नववीत गेली तेव्हा आईनं बाबांचा जुना कोट बोहारणीला दिला होता, आणि बोहारीण तेवढ्यात परात देईना म्हणून स्वतःचं लुगडंही वर दिलं होतं. मी नऊ वर्षांची होते, दारात उभी होते. सात वर्षं आई एकेक भांडं असं जमवत होती. ताईसाठी. माझी वेळ येईपर्यंत ती राहिली नाही.

आजी, ताईनं ही भांडी दिली का? तिला विचारलंस ना?

मी अजून त्यांत काही शिजवलेलं नाही.

तुझी
मीना


वाशी
२९ मे १९८६

चि. मीना,

जयभीम. अगं काय ही माझी नात! भर गोदामात, साहेबासमोर, नाव बदलून मोकळी! मी मालतीबाईंना सांगितलं तर त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. बाबाला नाय सांगितलं, तो सही म्हटलं की घाबरतो. तू भिऊ नकोस. त्या साहेबाला काय कळतंय, त्याला आपण सगळ्या जयमालाच.

भांड्यांचं तू उगाच डोक्यात घेतलंस. नीट ऐक. जयमाला नवऱ्याला सोडून आली ती एक्क्याऐंशी सालात, पाच वर्षं झाली. आली तेव्हा पोत्यात बांधून भांडी घेऊन आली. मीच माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून तिनं एकदाही वर बघितलं नाय. तिला कशाला लागतात? हॉस्टेलात मेस आहे, आयतं ताट मिळतं. त्या माणसानं दुसरी बाई आणली, आता काय परत बोलावतो? आणि ही काय दुसरं लग्न करते? तीस वर्षांची होईल आता.

आणि मी काय तिचं घेऊन खाल्लं का? तुझी एकतीस नवी भांडी मी तिच्या पोत्यात भरून ठेवली आहेत. एकतीस गेली, एकतीस आली. हिशेब सरळ. उलट तिचा फायदा, जुन्याचं नवं झालं.

फक्त नाव नाय त्यांच्यावर. तेही करते. तुर्भ्याच्या नाक्यावर देवजी बसतो, नाव घालतो भांड्यांवर, आता त्याच्याकडे विजेचं मशीन आलंय, भुर्रकन काढतो. आधी ठोकून ठोकून एक नाव घालायला अर्धी सकाळ जायची. चिंच-राख लावून चमक थोडी मारते, वर नाव घालून घेते, पोतं होतं तिथे. तिला कळायचं पण नाय.

तू आता भात लाव गं त्यांत. एवढ्या लांब गेली ती भांडी, रिकामी कशाला ठेवायची? जयप्रकाश काय खातो? पाव?

तिला मी सांगणार आहेच. पण सवडीनं. बसून सांगायची गोष्ट आहे, आणि ती बसते कुठे, आल्या आल्या घड्याळ बघते.

तुझी आजी


हॅमिल्टन
६ जुलै १९८६

ती. आजीस,

सादर जयभीम. तुझं पत्र मला काल मिळालं आणि परवा ताईचं आलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून हे लिहिते आहे.

तुला तिनं सांगितलं की नाही माहीत नाही, कदाचित घरी येऊन सांगायचं ठरवलं असेल. ताईला सिडकोची खोली लागली, शिरवण्याच्या बाजूला, नेरूळला. सोडतीत तिचा नंबर आला. खोली तिच्या एकटीच्या नावावर. ऑगस्टमध्ये चावी मिळणार. तिनं चार पानं लिहिली आहेत, ताईनं, जी मला कधी अर्ध्या पानावर लिहीत नाही! खिडकी कुठे, ओटा किती लांब, सगळं. आणि शेवटी लिहिलंय: "चावी मिळाली की पहिलं काम, आजीच्या माळ्यावरून आईची भांडी खाली. इतकी वर्षं वर बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडू आलं असतं. आता बघेन."

मी तिला उत्तर लिहायला चार वेळा बसले.

आजी, देवजीकडे जाऊ नकोस. तुझ्या पाया पडते. खोटं नाव घालू नकोस.

मी इथे विचारलं, भांडी परत पाठवता येतील का. इथला नियम असा, की वापरलेलं घरसामान म्हणून कर न भरता आणलेली वस्तू वर्षभर विकायची नाही की कुणाला द्यायची नाही. आणि तिकडे तुमच्या कस्टमला काय सांगायचं? भारतातून गेलेली भांडी भारतात कशी? शिवाय कागदावर जयमाला मीच आहे, मग जयमालाला कोण पाठवतंय?

तू एक चूक केलीस, त्यावर मी एक केली. ती पोतं उघडायच्या आत तिला सांग. तू सांग, तुझ्या तोंडानं. ते माझ्या पत्रातून कळलं तर बरं दिसणार नाही.

मीना


वाशी
१७ ऑगस्ट १९८६

चि. मीना,

जयभीम. तुझं पत्र उशिरा आलं, तोवर मी देवजीकडे जाऊन आले होते. जूनमध्येच गेले होते. तुला खोटं कशाला सांगू, मला मजा वाटली होती. रिक्षातून पोतं नेलं, देवजीला म्हटलं, ह्या सगळ्यांवर घाल, "जयमाला हिस, आईकडून". त्यानं विचारलं तारीख? मला कुठे तारखा आठवतात. तुझ्या पत्रात एक होती, परातीवरची, १० जून १९७१. तीच दिली. सगळ्यांना.

तुझं पत्र आल्यावर मी ठरवलं होतं सांगायचं. खरंच ठरवलं होतं. पण त्याच रविवारी ती आली, हातात चावी, चेहरा असा, की मीना, मी ह्या पोरीला इतक्या वर्षांत अशी बघितली नव्हती. आल्या आल्या मला उचलली, सबंध! म्हणाली, "आजी, ओटा साडेचार फुटाचा आहे!" मला हसूच आलं. त्या हसण्यात माझं सांगायचं राहिलं.

मी म्हटलं चहा घे. ती म्हणाली नंतर. स्टुलावर चढली आणि पोतं खाली घेतलं. सुतळीची गाठ तिला सुटेना, मी सोडून दिली. माझ्या हातानं.

पहिलं पातेलं उलटं केलं, वाचलं. बाजूला ठेवलं. दुसरं. तिसरं. मग भराभर सगळी उलटी केली, वाट्या, डबे, ताटं, आणि रांगेनं मांडली. बोट फिरवून बघितलं त्या अक्षरांवरून. जुनी होती ती ठिपक्याठिपक्यांची, हाताला लागायची. ही गुळगुळीत.

मग म्हणाली, अगदी हळू, "आजी, आईनं एका दिवसात एकतीस भांडी कशी घेतली गं? बाबांना कोट किती होते?"

बाबा पेपर वाचत होता. त्यानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही बाबा."

मी म्हटलं, अगं, हिरामणनं पेटी भरताना घोटाळा केला, इकडची तिकडे गेली.

"आणि नावं?" ती म्हणाली. "ती पण हिरामणनंच घातली?"

मी चहा गाळायला वळले. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं भांडी परत पोत्यात भरली, एकात एक नीट बसवून, गाठ मारली, आणि पिशवी घेऊन गेली. चहा ओट्यावर तसाच. गेले दोन रविवार आली नाय.

मला जेवण जात नाय मीना. मालतीबाई म्हणतात, पोरी रुसतात, येईल. पण ती रुसली नाय, मला कळतं.

तुला तिचं पत्र आलं तर तू एवढं लिही, की हिरामणचाच घोटाळा होता, आणि नाव मी नंतर घातलं ते तिला वाईट वाटू नये म्हणून. एवढंच. हिरामण कुठे वाचायला येतो आहे? त्याचं काय बिघडतं? पण माझं म्हातारपण सरळ जाईल.

तुझी आजी


हॅमिल्टन
१० सप्टेंबर १९८६

ती. आजीस,

सादर जयभीम.

हिरामणचं नाव मी लिहिणार नाही. त्यानं तुला नियम नीट वाचून दाखवले, त्याची काही चूक नाही.

माझ्या वाटचं मी ताईला लिहिलं आहे. की गोदामात मी तिचं नाव स्वतःचं म्हणून सांगितलं आणि खाली सही केली. रांग होती, भीती वाटली, असं काही लिहिलं नाही. वर्ष पूर्ण झालं की ती भांडी मी थोडी थोडी घेऊन येईन, इकडचा आणि तिकडचा काय कर लागेल तो भरून, खरं सांगून, एवढं लिहिलं.

तुझ्या वाटचं तुझ्याकडे आहे. ते मी लिहू शकत नाही, कारण मला ते ठाऊकच नाही. मला एकच कळत नाही आजी. तू मनानं वाईट नाहीस. मग पेटी भरताना ताईच्या पोत्याची सुतळी सोडलीस, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?

इथे थंडी सुरू झाली. तुझं लुगडं मी उशाला घेते.

मीना


नेरूळ, शिरवण्याजवळ
१२ ऑक्टोबर १९८६

चि. मीना,

जयभीम. वर पत्ता बघितलास ना? बरोबर बघितलास. थांब, सगळं सांगते, मधे तोडू नकोस.

तुझं पत्र मी आठ दिवस उशाखाली ठेवलं. मनात काय होतं, मनात काय होतं. भाजी निवडताना तेच. मग एका सकाळी उठले, बाबाला म्हटलं मी जयमालाकडे जाते, आणि बस धरली. बस शिरवण्याच्या नाक्यावर सोडते. तिथून चिखलच चिखल, सगळीकडे खोदून ठेवलंय, इमारती अर्ध्या. दोनदा वहाण रुतली. एका बाईला विचारलं, नवी नर्स राहते ती खोली कुठली? ती म्हणाली, जयमालाबाई का, दुसरा मजला, माझ्या पोराला काल तिनंच इंजेक्शन दिलं, रडला पण नाय.

दार उघडं होतं. ती खाली बसून तांदूळ निवडत होती. मला बघून "ये" म्हणाली, एवढंच. मी उंबऱ्यातच टेकले.

मी म्हटलं, "जयमाला, हिरामणनं कायच केलं नाय. भांडी मी दिली. नावं मी घातली."

"माहीत आहे," ती म्हणाली. तांदळातून मान वर नाय काढली. "पेटीला जुनी भांडी पाहिजे होती, तेही मीनानं लिहिलंय. पण घरात जुनी भांडी तुझी पण होती, आजी. स्टीलचीच, वीस वर्षांची. ती का नाही दिलीस?"

मी लगेच बोलून गेले, "माझी मला रोज लागतात ना गं."

आणि मीना, तोंडातून निघालं आणि मला माझंच ऐकू आलं. तू विचारलं होतंस ना, सुतळी सोडताना मनात काय होतं. कायच नव्हतं गं. तेच तर. माझी लागतात, तुझी लागणार, हिची लागायची नाय, असं मी कधी ठरवलं पण नव्हतं. आपोआप धरून चालले होते. ती पोतं घेऊन आली त्या दिवशीच मी तिचा संसार माळ्यावर टाकून दिला होता, आणि वर्षानुवर्षं तिला रविवारी भात वाढत होते, माझी पोर माझी पोर म्हणत. पेटी तर पुढे आली.

हे मी तिला सांगितलं. असं नीट नाय, अडखळत. रडले पण. ती रडली नाय. तांदूळ निवडून झाले, सुपातले खडे खिडकीतून टाकले, हात झटकले. म्हणाली, "हेच ऐकायचं होतं. मी बाकी सगळं आधीच जुळवलं होतं."

मी म्हटलं, "माफ कर गं."

"आज नाही," म्हणाली. "आज जमणार नाही. खोटं कशाला सांगू."

मी उठले. वहाणांत पाय सरकवू लागले. तर मागून म्हणते, "मीनाच्या लग्नानंतर तिच्या सासरी किती दिवस राहिलीस?"

"आठ," मी म्हटलं.

"आणि माझ्याकडे आलीस तर उंबऱ्यात. वहाण अर्धी पायात. नवं घर लावलं की घरातलं माणूस राहायला येतं, आजी. की हे घर नाही?"

वहाण काढली. आत आले. आज सहावा दिवस. बाबा माझी लुगडी आणि चष्मा आणून देऊन गेला. त्यालाही सगळं सांगितलं, तो सही ऐकून घाबरलाच.

ती माझ्याशी अजून कामापुरतं बोलते. पाणी कधी येतं, दूधवाला कधी येतो. एकदाच थोडं जास्त बोलली. तिच्याकडे दोन पातेली, एक कढई, पगारातून घेतलेली. मी आपलं सवयीनं विचारलं, ह्यांच्यावर नाव घालायचं का गं? तर म्हणाली, "कशाला? एकटीच्या घरातलं चुकून कुणाकडे जाणार?" आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. पण मला वाटतं तिच्या ओठाच्या कोपऱ्यात कायतरी हललं. खात्री नाय देत.

पोत्यातल्या भांड्यांचं तिनं सांगितलंय, देवजीकडे नेऊन नावं घासून काढायची. ती मीनाची आहेत, मीनाची म्हणून ठेवायची. तुझं पत्र तिला मिळालं. मी विचारलं, मीनाला काय कळवू? तर म्हणाली, "माझं उत्तर मी लिहीन, तू मधे पडू नकोस. आणि एवढ्या लांबून भांडी आणून इकडच्या कस्टमला ती नाव काय सांगणार आहे, तेवढं मला बघायचंय." चिडून म्हणाली की कसं, ते तूच तिच्या पत्रातून ओळख. मला आता ओळखायची भीती वाटते.

आज तिची दुपारची ड्युटी. ती तयार होत होती, मी ओट्यापाशी. ओटा खरंच साडेचार फुटाचा आहे, मी वितीनं मोजला. ती चावी माझ्यापुढे ठेवून बाहेर पडली, आणि तेवढ्यात विजेच्या मीटरचा माणूस आला. हातात वही, तोंडात तंबाखू. मला बघून म्हणतो, "आजी, घरात कोण पुरुष माणूस आहे का? मालकांची सही पाहिजे."

मी म्हटलं, "मालक नाय. मालकीण आहे. जयमालाबाईंचं घर आहे हे, त्या आत्ताच ड्युटीवर गेल्या. पाहिजे तर संध्याकाळनंतर ये, त्याच सही देतील."

"मग तुमी कोण?"

"मी पाहुणी," मी म्हटलं. "राहायला आलेय."

तो वहीत लिहून वरच्या मजल्यावर गेला. मी दार लोटायला गेले तर जिन्यात खाली तिच्या चपलांचा आवाज मधेच थांबलेला. किती वेळ, मला सांगता यायचं नाय. मग परत सुरू झाला, एकेक पायरी, खालपर्यंत.

आता पत्र पुरे करते. ती नऊला येते, त्याआधी भात व्हायला पाहिजे, आणि ह्या स्टोव्हची वात मला अजून साधत नाय.

तुझी आजी
चांगुणाबाई